पाहुण्याने केलेली सेवा

सेवा हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे की त्याचा अर्थ कोणी कोणास विचारीत नाही. पंगतीत वाढले, सेवा झाली. पाण्याचा हंडा भरून ठेवला, सेवा झाली. आम्हीही चाळीस वर्षे कीर्तनात उभे राहून हा शब्द सहज वापरीत आलो. पण मागल्या कार्तिकात एका बाईंनी आम्हांस असा प्रश्न घातला की त्या रात्री आम्हांस झोप म्हणून लागली नाही. तो प्रश्न, आणि त्यावर आम्हांस जे सुचले ते, आज वाचकांपुढे ठेवतो.

या बाई निवृत्त शिक्षिका. वय सत्तरीच्या पुढे. कीर्तन आटोपले, मंडळी पांगली, तरी त्या खांबाशी बसून राहिल्या होत्या. आम्ही उपरणे आवरीत असता जवळ आल्या आणि म्हणाल्या, "बुवा, एक शंका आहे. शास्त्रातली नाही, घरातली आहे."

"विचारा की बाई."

"परक्याच्या घरात त्याला न विचारता आपण राहायला गेलो, आणि मग त्याचंच अंगण झाडून दिलं, तर ती सेवा झाली का हो?"

आम्ही हसून म्हणालो, "अहो, आधी त्याच्या घरात शिरलात कशाला ते सांगा."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तेच तर सांगायचंय. माझी लेक शिरली आहे. म्हणजे तिला धाडलंय." आणि खाली बसून त्यांनी सगळी हकीकत सांगितली.

लेक लग्न होऊन अमेरिकेत गेली त्यास आता वीस वर्षे होतील. जावई तिकडेच जन्मलेले, तेथील विमानदलात यंत्रांच्या देखभालीचे काम करणारे. हुकूम आला की बिऱ्हाड उचलायचे, असे त्या नोकरीचे आहे. असाच एक हुकूम आला आणि नवरा, बायको, दोन मुले अशी चौघे तीन वर्षांसाठी जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटावर गेली. बाई वसंतात दोन महिने लेकीकडे राहून आल्या. आम्ही तो मुलूख पाहिलेला नाही. बाईंनी सांगितले ते, आणि पुढे आम्ही जाणत्यांकडून व पुस्तकांतून ताडून घेतले ते, असे दोन्ही मिळून येथे लिहितो. तळाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही.

प्रथम या कुटुंबांचा संसार कसा चालतो ते पाहू. तळ म्हणजे कुंपणाच्या आत वसविलेले एक अमेरिकन गावच. राहण्यास सरकारी घर. सामानास तळावरचेच दुकान, तेथे डॉलर चालतात. फाटकाबाहेर पाऊल टाकले की येन. पत्राचा पत्तासुद्धा अमेरिकेतलाच असावा असा लिहायचा, आणि टपालखर्चही देशांतर्गत दराने. मुलांना शाळा अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ साली परदेशांतील तळांवर अशा शाळा निघाल्या त्या आजतागायत चालू आहेत. मोटारीच्या पाटीवर इंग्रजीतले 'वाय' अक्षर असते, त्यावरून ही गाडी तळावरची हे बाहेरच्यांस दुरून कळते. वादळाचे दिवस आले की दारेखिडक्या लावून, पाणी भरून, दोनदोन दिवस घरात बसून राहावे लागते.

हे झाले बाहेरचे. आतले दुःख वेगळेच असते. नवरा कामगिरीवर गेला म्हणजे महिनोन् महिने परत नाही. बायको शिकलेली असते, तिकडे मायदेशी नोकरी करीत असते; येथे तळाबाहेर काम मिळणे करारामुळेही कठीण, भाषेमुळेही कठीण. मुलांचे तर विचारूच नका. अशा सैनिकांची मुले शाळा संपेपर्यंत सहा ते नऊ वेळा शाळा बदलतात असे त्यांचेच लोक सांगतात. या मुलांचे फूल म्हणून त्यांनी डँडेलायन नावाचे एक रानफूल ठरविले आहे. आपल्या रुईच्या म्हातारीसारखे त्याचे बी वाऱ्यावर उडते आणि पडेल तेथे रुजते. फूल चांगले निवडले खरे. पण बी रुजते ती माती कोणाची, हा प्रश्न बियाने कधी विचारावयाचा नसतो. माणसाने मात्र विचारावयाचा असतो, आणि बाईंच्या शंकेचे मूळ तेथेच आहे.

या एकटेपणावर त्या बायकांनी काढलेला उपाय म्हणजे स्वयंसेवा. कोणी शाळेच्या ग्रंथालयात बसते, कोणी रेड क्रॉसतर्फे तळावरच्या इस्पितळात जाते. नवे बिऱ्हाड आले की जुन्यांपैकी कोणीतरी त्यांस दुकान, शाळा, दवाखाना दाखवून आणते. नवरा दूर असताना एखादी बाळंत झाली की शेजारणी पाळी लावून डबा पोचवितात. ही झाली आपसातली सेवा. कुंपणाबाहेरचीही आहे: समुद्रकिनारा झाडणे, मुलांशी व म्हाताऱ्यांशी इंग्रजी बोलत बसणे, अपंग मुलांच्या व प्रौढांच्या क्रीडास्पर्धा भरवून त्यांत प्रत्येक खेळाडूमागे एक सोबती उभा करणे. बाईंची लेक या सर्वांत पुढे. दर महिन्याला किनारा झाडायला जाणाऱ्यांच्या यादीत तिचे नाव पहिले. किती तास काम केले ते वहीत लिहून ठेवण्याची तेथे पद्धत आहे. तास भरले की प्रशस्तिपत्र मिळते. सैनिकांसाठी तर १९९३ साली राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने एक पदकच निघाले आहे, लोकांत दीर्घकाळ स्वयंसेवा केल्याबद्दलचे. बायकांना ते मिळत नाही, कारण त्या सैनिक नव्हेत. हुकूम मात्र त्यांनाही लागू होतो.

येथवर सारे गोड आहे. आता पुढे ऐका.

लेकीच्या घरामागे थोडी उंचवट्याची जागा होती, गवत माजलेले. त्यात एक दगडी बांधकाम, वरून कासवाच्या पाठीसारखे. मुले त्यावर चढून घसरगुंडी खेळत. ती थडगी आहे हे लेकीस पहिल्या वर्षी ठाऊकच नव्हते. दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, बाई तेथे असतानाच, एके सकाळी दोन गाड्या येऊन थांबल्या. सातआठ माणसे उतरली. म्हातारे, लेकरे, हातांत डबे. त्यांनी गवत काढले, उदबत्त्या लावल्या, डबे उघडून आधी पूर्वजांपुढे ठेवले आणि मग तेथेच बसून सगळी जेवली. ओकिनावात वसंतात हा विधी असतो, त्यास शीमी म्हणतात. बाईंना आपल्याकडील पितरांच्या पानाची आठवण झाली. त्या लेकीस म्हणाल्या, "अगं, पाहुणे आलेत. पाणी तरी विचार."

लेक पाण्याच्या बाटल्या घेऊन गेली. त्यांतले एक ऐंशी उलटलेले गृहस्थ पूर्वी कधी तळावर कामास होते, त्यामुळे इंग्रजी जाणत. त्यांनी पाणी घेतले, आभार मानले, आणि छातीवर लावलेला कागद दाखवून म्हणाले की फाटकावर हा परवाना दाखवला तेव्हा आत सोडले. ही जमीन त्यांच्या आजोबांची. थडगेही त्यांच्याच कुळाचे. १९४५ च्या लढाईत त्यांची आई त्यांना कडेवर घेऊन याच थडग्यात लपली होती, म्हणून ते वाचले. लढाई संपून छावणीतून लोक परतले, तो शेताभोवती कुंपण.

बाईंनी ज्यांस पाहुणे म्हटले ते यजमान होते, आणि पाणी विचारणारी लेक पाहुणी होती.

लेक गोंधळली. तिला काहीतरी भरपाई करावीशी वाटली. ती म्हणाली, "हे गवत मी वर्षभर कापीत जाईन. आमच्या मंडळातल्या बायका घेऊन येईन, सगळं स्वच्छ ठेवू." गृहस्थांनी नम्रपणे मान हलविली आणि म्हणाले, "नको. ते आमचं काम आहे. वर्षातून एकदा एवढंच करायला आम्ही आत येतो. तेही तुम्ही केलंत तर आम्ही काय करायला यायचं? तुम्ही एक करा. मुलांना त्यावर चढू देऊ नका."

इतकेच बोलणे झाले. त्यात राग नव्हता. पण लेकीने त्या दिवसापासून किनाऱ्यावर जाणे सोडले. म्हणे, "आई, माझ्या वहीत तीनशे तास आहेत. आणि माझ्या दारातली गोष्ट मला ठाऊक नव्हती. आम्ही यांची जमीन दाबून बसायचं आणि यांचाच किनारा झाडून फोटो काढायचे. हे ढोंग आहे." बाईंना हे सोसेना. लेकीचे मन त्या सेवेवरच तगून होते. ती सोडल्यावर दिवसभर घरात बसून राहू लागली. म्हणून बाई आम्हांस विचारीत होत्या: पोरीने केले ते पुण्य की ढोंग? आणि आता तिने काय करावे?

या प्रश्नाचे वजन कळण्यास त्या बेटाची हकीकत थोडी सांगावी लागते. ओकिनावा हे पूर्वी स्वतंत्र राज्य होते. १८७९ साली जपानने ते आपला प्रांत करून टाकले. १९४५ च्या एप्रिलपासून जूनपर्यंत तेथे जी लढाई झाली तिच्यात दोन लक्षांहून अधिक माणसे मेली, आणि त्यांत तेथील साधी रयत फार मोठ्या संख्येने मेली. पुढे सत्तावीस वर्षे बेटावर अमेरिकेचा अंमल होता. १५ मे १९७२ रोजी ते जपानकडे परत गेले. अंमल गेला, तळ राहिले. जपानच्या एकंदर भूमीपैकी ओकिनावाचा वाटा शंभरात एकसुद्धा नाही, सुमारे ०.६ टक्के. पण केवळ अमेरिकन सैन्याच्या वापरासाठी जपानने जी जमीन दिली आहे तिच्यापैकी सुमारे सत्तर टक्के एवढ्याशा प्रांतात आहे. मुख्य बेटाची सुमारे पंधरा टक्के जागा कुंपणाआड गेली आहे. विमानांच्या आवाजाविरुद्ध लोक पुनःपुन्हा न्यायालयात गेले आणि न्यायालयांनी भरपाईही देवविली. १९९५ साली तीन अमेरिकन सैनिकांनी एका बारा वर्षांच्या मुलीवर अत्याचार केला तेव्हा सारे बेट रस्त्यावर आले. २००४ साली एक लष्करी हेलिकॉप्टर तेथील विद्यापीठाच्या आवारात कोसळले. याउलट, तळामुळे कित्येकांस रोजगार मिळतो आणि जमीनमालकांस भाडेही मिळते, हेही खरे. तळ हवा की नको हा तेथील लोकांचा व त्यांच्या सरकारांचा प्रश्न. त्यात आम्ही पडत नाही. आमचा प्रश्न लहान आहे: या सगळ्यात एका बाईने हातात झाडू घेतला, त्याचे काय?

पाठशाळेत आम्हांस शिकविले की आधी पूर्वपक्ष नीट मांडावा. प्रतिपक्षाने स्वतः मांडला असता त्याहून चांगला मांडावा.

पहिला पक्ष म्हणतो, ही सेवाच नव्हे. सैन्याला लोकांची मने गोड ठेवायची असतात म्हणून ते अशा कामांस उत्तेजन देते. ज्याने ओझे लादले त्यानेच घाम पुसला तर घाम पुसणे हा ओझ्याचाच भाग झाला. शिवाय करणाऱ्या बायका एकटेपणा घालविण्यासाठी करतात, सैनिक पदकासाठी करतात, आणि तीन वर्षांनी सगळेच निघून जातात. ज्या लेकराशी दर शनिवारी खेळले त्याला चौथ्या वर्षी नवा चेहरा. तेव्हा हे थांबविणेच प्रामाणिकपणाचे.

दुसरा पक्ष म्हणतो, बाईने तळ बांधला नाही, जमीन घेतली नाही, तिला मतही कोणी विचारले नाही. किनाऱ्यावरचा कचरा उचलला तो खरोखर उचलला गेला. अपंग मूल धावले तेव्हा त्याच्या मागे खरोखर कोणी उभे होते. राज्यांचे पाप बायकांच्या पदरात कशाला? तेव्हा हे शुद्ध पुण्य. मनात किंतु न आणता करीत राहावे.

दोन्ही पक्षांत सत्याचा अंश आहे, आणि दोन्हींची एकच चूक आहे असे आम्हांस वाटते. दोघेही असे धरून चालतात की सेवा म्हणजे दान. पहिला म्हणतो, हे दान खोटे. दुसरा म्हणतो, खरे. हे दानच नसेल तर?

शतपथ ब्राह्मणात मनुष्याची चार ऋणे सांगितली आहेत. देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे, ही तीन आपल्या सर्वांच्या परिचयाची. चौथे बहुधा विसरले जाते: मनुष्यांचे ऋण. ते माणसांस आसरा व अन्न देऊन फेडावयाचे असते. यावरून इतके उघड आहे की आसरा देणे ही देण्याघेण्याची बाब आहे, वाऱ्यासारखी फुकट नव्हे. ज्याला कोणाच्या भूमीवर आसरा मिळाला तो त्या भूमीच्या माणसांचा ऋणी झाला. बोलावून आला असेल तर ऋणी, न बोलावता आला असेल तर अधिकच ऋणी, आणि हुकमाने धाडला गेला असेल तरी ऋणी. कारण छप्पर त्याच्या डोक्यावर आहे, हुकूम देणाऱ्याच्या नव्हे.

मग किनारा झाडणे हे काय झाले? ऋणाचा हप्ता. सावकाराचा हप्ता भरून येणारा कुळवाडी कधी "मी सावकारास दान देऊन आलो" असे म्हणतो काय? आणि मुद्दल फिटत नाही म्हणून हप्ताच बंद केला, तर त्यास आपण प्रामाणिक म्हणतो काय?

मीमांसकांनी कर्मांची वाटणी केली आहे तीही येथे उपयोगी पडते. काम्य कर्म फळाच्या इच्छेने करावयाचे. केले तर फळ, न केले तर दोष नाही. नित्य कर्माचे तसे नाही. ते केल्याने वेगळे पुण्य साठत नाही, पण न केल्यास दोष लागतो, असा एक प्रसिद्ध पक्ष आहे. पाहुण्याने यजमानाच्या गावात केलेले काम आम्ही नित्य कर्मात घालू. त्याचे पुण्य मागू नये. पण मागायला पुण्य नाही म्हणून ते टाकूही नये. लेकीचे चुकले ते किनारा झाडण्यात चुकले नाही. तासांची वही पाहून मनात जे समाधान साठत गेले, तेथे चुकले. आणि नंतर झाडू टाकला तेव्हा दुसऱ्यांदा चुकले.

कोणी म्हणेल, बुवा, हा शब्दांचा खेळ झाला. दान म्हणा की ऋण म्हणा, कचरा तर तितकाच उचलला जातो. नाही. फरक मोठा आहे, आणि तो व्यवहारातला आहे. दान काय द्यावे हे देणारा ठरवितो. ऋण कशाने फेडावे हे घेणारा ठरवितो. म्हणूनच त्या वृद्ध गृहस्थाचे बोलणे आम्हांस फार मोलाचे वाटते. लेकीने दिले ते त्यांनी नाकारले आणि हवे ते मागितले. गवत कापणे त्यांच्याजवळ राहिलेले शेवटचे काम होते. ते उपकाराने काढून घेणे म्हणजे सेवेच्या नावाने दुसरे कुंपण घालणे. मुलांना थडग्यावर चढू न देणे, हे मागणे दिसायला केवढेसे. त्याचे तास वहीत मांडता येत नाहीत, त्याचा फोटो निघत नाही. पण ते रोजचे आहे आणि ते पाहुण्यावाचून दुसऱ्या कोणास करताही येत नाही.

हे आम्ही पंडित म्हणून सांगत नाही. ठेच लागून शिकलो म्हणून सांगतो. कीर्तनकार हा जन्माचाच पाहुणा. आज या गावी, उद्या त्या. ऐन पंचविशीत असता एका गावी चार दिवस मुक्काम होता. यजमान गरीब. आम्हांस वाटले, नुसते खाऊन कसे जावे? पहाटे उठून त्यांचे परस झाडून लख्ख केले, आणि कोपऱ्यात एका फुटक्या घागरीत राख होती ती उकिरड्यावर ओतली. घरच्या माऊली उठल्या, घागर पाहिली आणि काही न बोलता आत गेल्या. त्यांनी ती राख चाळून कडधान्यात घालण्यासाठी साठविली होती. नाहीतर पावसाळ्यात कीड लागते. आम्ही सेवा केली आणि त्यांचे हरभरे उघडे पाडले. त्यांस आधी "माऊली, काय करू?" एवढे विचारले असते तर त्यांनी दोन कळशा पाणी आणायला सांगितले असते. विहीर लांब होती. आम्हांस ते सुचले नाही, कारण आम्ही ऋण फेडीत नव्हतो; आपले मोठेपण झाडीत होतो.

आता हेतूचा प्रश्न. एकटेपणा घालविण्यासाठी केलेली सेवा खोटी का? गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस, तामस असे भेद केले आहेत. मोबदल्याच्या आशेने किंवा मन खट्टू करून दिलेले ते राजस. त्या मापाने पदकासाठी केलेले काम राजस ठरेल, यात शंका नाही. पण ऋण फेडणाऱ्याच्या मनाची एवढी चौकशी कोणी करीत नाही. हप्ता भरताना कुळवाड्याच्या मनात काय होते हे सावकार विचारीत नाही. पैसे खरे आहेत ना, एवढेच पाहतो. लेक एकटी होती म्हणून किनाऱ्यावर गेली, जावो. कोणी पदकासाठी जातो, जावो. त्याचे पदक त्याच्याजवळ. मात्र हे कर्ज फेडण्याचे काम आहे हे ज्याला कळले त्याने वही दाखवू नये. कर्जाची वही सावकाराजवळ असते.

तीन वर्षांनी निघून जाण्याचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो लागतो. आईबापांविना वाढणाऱ्या मुलाशी कोणी जीव लावावा आणि हुकूम येताच उठून जावे, यात त्या मुलाची हानी आहे. त्यावर उपाय एकच. जो जाणार आहे त्याने स्वतःला आवश्यक करून ठेवू नये. आपण गेल्यावर जे चालू राहील तेच काम हाती घ्यावे, आणि जाण्यापूर्वी ते दुसऱ्याच्या हाती देऊन जावे. मुलाला इंग्रजीच्या दोन गोष्टी शिकवाव्या, पण त्याची आई होण्यास जाऊ नये.

कोणास वाटेल की मोठे ऋण असताना अशा लहान हप्त्यांनी दोन्ही बाजूंची मने कधी जवळ येतच नसतील. तसेही नाही. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंप व समुद्राची लाट आली. त्या वेळी अमेरिकन सैन्याने मदतीची मोठी मोहीम काढली. तिचे नाव तोमोदाची, म्हणजे मित्र. केसेन्नुमाजवळील ओशिमा नावाच्या लहान बेटाचा मुख्य भूमीशी संबंध तुटला होता. ओकिनावाच्या तळांवरचे सैनिक तेथे उतरले, त्यांनी बंदरातला व रस्त्यांतला गाळ, मोडतोड उपसली. त्याच वर्षी उन्हाळ्यात त्या बेटावरच्या काही मुलांना ओकिनावात आणून सैनिकांच्या कुटुंबांत चार दिवस ठेवून घेतले, आणि ही प्रथा पुढेही चालली. लाटेचा तडाखा बसलेल्या बेटावरच्या त्या मुलांना या कुटुंबांनी आपल्या घरी झोपविले, जेवू घातले. हे खरे आहे. आणि ओकिनावातले लोक तळांच्या फाटकाशी निषेध करीत बसतात, तेही खरे आहे. एका खऱ्याने दुसरे खरे पुसले जात नाही. मुलांना जेवू घातले म्हणून फाटकाशी बसलेल्या म्हातारीने उठून जावे असे म्हणणे, हा ऋणकोचा उद्धटपणा. आणि म्हातारी फाटकाशी बसली आहे म्हणून मुलांना जेवू घालू नये असे म्हणणे, हा शुष्क तर्क.

ओकिनावाच्या लोकांनी स्वतः या बाबतीत जे करून दाखविले आहे ते आम्हांस विलक्षण वाटते. बेटाच्या दक्षिण टोकास माबुनी येथे १९९५ साली, लढाईस पन्नास वर्षे झाली तेव्हा, त्यांनी एक स्मारक उभारले. काळ्या दगडाच्या भिंतींवर त्या लढाईत मेलेल्यांची नावे कोरली आहेत. आज ती दोन लक्ष चाळीस हजारांहून अधिक झाली आहेत. त्यांत आपली माणसे आहेत, जपानी सैनिक आहेत, कोरियन आहेत, आणि सुमारे चौदा हजार अमेरिकनही आहेत, ज्याची त्याची लिपी वापरून. शत्रू म्हणून आला आणि आमच्या मातीत मेला, तर त्याचे नाव आम्ही जपू, असा त्याचा अर्थ. ज्यांच्यावर आपले ऋण आहे असे म्हणण्याचा त्यांना पूर्ण अधिकार, त्यांनीच मनुष्यऋण फेडून ठेवले आहे. अशा यजमानाच्या घरी पाहुण्याने मान खाली घालून राहावे, हे सांगावयास शास्त्र कशाला हवे?

बाईंना आम्ही दुसऱ्या दिवशी एवढेच सांगितले: "लेकीला म्हणावं, झाडू उचल, वही ठेवून दे. किनाऱ्यावर जा, पण तिथल्या लोकांनी बोलावलं तर जा, आणि ते सांगतील ते कर. दारातल्या थडग्यावर मुलांना चढू देऊ नको. आणि तळामुळे लोकांना काय सोसावं लागतं हे कोणी बोलू लागला तर उलट उत्तर न देता ऐकून घे. ऐकून घेणं हाही हप्ताच आहे. तेवढ्यानं ऋण फिटलं असं मात्र समजू नको. ते तिच्या एकटीच्या हातून फिटायचं नाही, आणि तिनं एकटीनं केलंही नाही."

"म्हणजे पुण्य नाहीच का हो बुवा?" बाई म्हणाल्या. आईचे मन.

"नाही बाई. पण झोप लागेल."

चैत्रात बाई पुन्हा भेटल्या. लेकीची तीन वर्षे भरली, नवा हुकूम आला, बिऱ्हाड अमेरिकेस परत निघाले. घर सोडण्याच्या आदल्या दिवशी त्या जागी येणारे नवे कुटुंब घर पाहायला आले होते. त्यांचीही दोन मुले. लेकीने त्यांस नळ, गॅस, किल्ल्या सगळे दाखविले, आणि मग त्या बाईला व मुलांना मागल्या उंचवट्याशी नेले. हे काय आहे ते सांगितले. एप्रिलमध्ये कोण येतील ते सांगितले. ते परवाना दाखवून आत येतील, पण जागा त्यांची आहे हेही सांगितले. त्यांतल्या धाकट्या मुलाने विचारले, "मग आम्ही खेळायचं कुठं?" लेकीने त्याला अंगणाची दुसरी बाजू दाखविली.

वाचकांतही कित्येक पोटापाण्यासाठी परगावी, परदेशी राहिलेले असतील. कोणाची लेकरे असतील. आपण कोणाच्या ओसरीवर उतरलो आहोत हे एकदा पाहावे, आणि झाडू उचलण्यापूर्वी घरच्या माऊलीस विचारावे.